पोटाच्या कर्करोग-शस्त्रक्रियेनंतर वेदनेचा बंदोबस्त

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी वा शेतमजूर कुटुंबात जठराच्या, मोठ्या आतड्याच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान होते, तेव्हा दुखणे अंगावर काढण्यात बहुधा काही महिने निघून गेलेले असतात. आणि तालुक्याच्या दवाखान्यातून यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तेथून सेवाग्राम, सावंगी अथवा नागपूर अशी जी वाटचाल मग सुरू होते, तीत गाठ निघेल का, पैशांची तजवीज कशी व्हावी आणि माणूस धडपणे घरी परतेल का, याखेरीज दुसरे काही कोणाच्या ध्यानात राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर पोट किती दुखेल आणि त्या दुखण्याची व्यवस्था कोण लावील, हे सहसा कोणी विचारीत नाही. पोट उघडल्यावर ते दुखायचेच, अशी रुग्णाची समजूत. जीव वाचला हेच पुष्कळ, अशी नातेवाइकांची. आणि दुखले तर इंजेक्शन देऊ, असा वॉर्डाचा शिरस्ता. वस्तुतः गेल्या पंचवीस वर्षांत भूलशास्त्राच्या ज्या शाखेने सर्वाधिक वेगाने नव्या रीती शोधल्या, ती शाखा नेमकी याच दुखण्याची, म्हणजे मज्जातंतू बधिर करून वेदना अडविण्याची आहे. आणि या रीतींपैकी कोणती आपल्यासारख्या जिल्ह्यास मानवेल, याचा विचार करण्याची वेळ आता खचित आली आहे.

प्रथम, ही वेदना केवळ सोसण्याचा मामला का नाही, ते पाहू. छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत ज्याचे पोट उभे उघडले आहे, तो माणूस खोल श्वास घेऊ इच्छीत नाही आणि खोकणे तर कटाक्षाने टाळतो. त्यामुळे फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो, तेथील भाग मिटून जातो आणि न्यूमोनियास वाट मोकळी होते. अंथरुणात निश्चल पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय, जे कर्करोगात मुळातच अधिक असते, आणखी वाढते. आपल्या भागात याला एक जादा पदर आहे. विदर्भातील अनेक समाजांत, आणि जिल्ह्यातील गोंड, कोलाम, परधान या आदिवासी समाजांतही, सिकलसेलचा दोष आढळतो. अशा रुग्णाचा श्वास वेदनेने उथळ झाला, रक्तातील प्राणवायू उतरला, की तांबड्या पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबू लागतात आणि एका वेदनेतून दुसरी, अधिक घातक वेदना उद्भवते. तेव्हा वेदनेचे शमन हा शस्त्रक्रियेच्या यशाचाच भाग होय.

पोटावरील शस्त्रक्रियेची वेदना दोन ठिकाणांहून येते, आणि या आढाव्यातील पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे. पहिली वेदना पोटाच्या भिंतीची, म्हणजे त्वचा, स्नायू आणि उदरपटलाचा बाहेरचा पापुद्रा यांची. ती तीक्ष्ण असते, नेमक्या जागी बोट ठेवून दाखवता येते, आणि खोकताना वा कूस बदलताना उसळते. दुसरी वेदना आतल्या अवयवांची. ती बोथट, खोल, मळमळ व घाम आणणारी असते आणि तिची जागा सांगता येत नाही. भिंतीची वेदना छातीच्या सहाव्या-सातव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या मज्जातंतूंतून वाहते. हे तंतू पाठीतून निघून, कुशीला वळसा घालून, गोधडीच्या पदरांत धागा दडवावा तसे पोटाच्या तीन सपाट स्नायूंपैकी मधला आणि आतला यांच्यामध्ये दडून पुढे येतात. अवयवांची वेदना मात्र सर्वस्वी वेगळ्या, महारोहिणीच्या पुढ्यातील स्वायत्त तंतूंच्या जाळ्यांतून जाते. पोटाच्या भिंतीत दिलेले इंजेक्शन ही दुसरी वाट अडवू शकत नाही. अनेकांची निराशा होते ती येथेच.

दोन्ही वाटा एकदम अडविणारी जुनी आणि भारदस्त रीत म्हणजे एपिड्यूरल. स्पेनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक फिदेल पाखेस याने १९२१ मध्ये आणि इटलीच्या दोल्योत्ती याने १९३१ च्या सुमारास तिचा पाया घातला. पुढे पाठीच्या मणक्यांमधून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून तीन-चार दिवस औषध सोडत राहण्याची सोय झाल्यावर, मोठ्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना मोजण्याचा तो मापदंडच ठरला. तिच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, पण अमर्याद नाही. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मास्टर’ या मोठ्या चाचणीत ९१५ रुग्ण घेतले होते. एपिड्यूरल दिलेल्यांची पहिल्या तीन दिवसांतील वेदना कमी होती आणि श्वसन कोलमडण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर उतरले, परंतु मृत्यूच्या संख्येत फरक पडला नाही. शिवाय या नळीच्या वागणुकीचा प्रामाणिक हिशेब मांडणाऱ्यांनी दाखवून दिले आहे, की अशा नळ्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा या ना त्या कारणाने निकामी ठरतो: नळी सरकते, एकच बाजू बधिर होते, किंवा रक्तदाब इतका उतरतो की औषध बंद करावे लागते.

एपिड्यूरलची खरी किंमत वॉर्डात मोजावी लागते. नळी ठेवलेल्या रुग्णाचा रक्तदाब, श्वासाची गती आणि पायांची ताकद दर काही तासांनी पाहावी लागते. लघवी अडली तर नळी घालावी लागते. आणि रक्त गोठू नये म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला जी हेपारिनची इंजेक्शने सुरू असतात, त्यांच्या वेळा सांभाळूनच पाठीतली नळी घालावी वा काढावी लागते, कारण कमी रेणुभाराच्या हेपारिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर सुमारे १२ तासांचे अंतर राखले नाही तर मज्जारज्जूभोवती रक्त साचण्याचे भय असते. असे क्वचितच घडते. पण घडल्यास काही तासांच्या आत एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया झाली नाही तर पाय कायमचे जातात. रात्रीच्या पाळीत एका सिस्टरकडे भरलेला वॉर्ड असेल तेथे हा सगळा बंदोबस्त नुसता कागदावर राहतो. त्यात ‘कमरेत सुई दिली की जन्मभर कंबर दुखते’ हा लोकांत खोल रुजलेला ग्रह. दीर्घकालीन कंबरदुखीशी या सुईचा संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही, तथापि संमती घेताना या भयाला तोंड द्यावेच लागते.

या पार्श्वभूमीवर पोटाच्या भिंतीतील ब्लॉक, म्हणजे तेथील मज्जातंतू बधिर करणारी इंजेक्शने, पुढे आले. त्यांचे मूळही तसे जुनेच; पोटाच्या पुढील सरळ स्नायूच्या आवरणात बधिरीचे औषध सोडण्याची कल्पना जर्मनीच्या श्लाइखने १८९९ मध्येच मांडली होती. परंतु आज ज्याला सर्व भूलतज्ज्ञ ‘टॅप ब्लॉक’ म्हणतात, त्याचे वर्णन रफी याने २००१ मध्ये केले. कमरेच्या हाडाच्या वरची लहानशी त्रिकोणी जागा बोटाने चाचपून, सुई स्नायूंच्या पडद्यांतून जाताना लागणारा धक्का ओळखून औषध सोडावयाचे, अशी ही साधी युक्ती होती. २००७ मध्ये आयर्लंडच्या मॅक्डोनेलने मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेतील ३२ रुग्णांवर ती आजमावली, तेव्हा पहिल्या २४ तासांत लागणारे मॉर्फिन सरासरी ८० मिलिग्रॅमवरून सुमारे २२ मिलिग्रॅमवर आले. त्याच सुमारास हेबर्डने सोनोग्राफीच्या साहाय्याने ही रीत डोळ्यांसमोर आणली, आणि ती जगभर पसरली.

ही क्रिया जवळून पाहण्याजोगी आहे. बरगड्यांची कड आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कुशीवर, सोनोग्राफीचा प्रोब आडवा टेकवला की पडद्यावर तीन करड्या पट्ट्या एकीखाली एक दिसतात: बाह्य तिरकस स्नायू, त्याखाली सर्वांत जाड असा अंतःतिरकस, आणि तळाशी पातळ आडवा स्नायू, त्याच्याही खाली उदरपटलाची चकचकीत रेघ आणि श्वासागणिक सरकणारी आतडी. सुई पुढून तिरपी आत येते, तिचे टोक सदैव नजरेत ठेवावे लागते, आणि ते मधल्या व तळाच्या पट्टीच्या सीमेवर पोहोचले की आधी एक-दोन मिलिलिटर सलाईन सोडून पाहतात. जागा बरोबर असेल तर दोन पट्ट्या एकमेकींपासून विलग होऊन मध्ये दोन्हीकडे निमुळता होत गेलेला काळा पट्टा उघडतो. स्नायूच फुगून आला तर टोक चुकले, सुई किंचित सरकवावी. हाताला सवय झाल्यावर दोन्ही बाजूंचे काम काही मिनिटांत आटोपते, आणि रुग्ण भुलीखाली असल्याने त्याला त्याची वार्ताही नसते.

या ब्लॉकची हद्द मात्र आखलेली आहे. कुशीवर दिलेला टॅप ब्लॉक मुख्यत्वे बेंबीखालची भिंत बधिर करतो. बेंबीवरच्या छेदासाठी बरगड्यांच्या कडेखाली वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. अंडाशयाच्या कर्करोगात छेद ओटीपोटापासून थेट छातीच्या हाडापर्यंत जातो, तेव्हा चार जागी सुई द्यावी लागते. एका वेळच्या औषधाचा असर साधारणतः ८ ते १२ तास, क्वचित त्याहून अधिक टिकतो. म्हणजे सकाळी ११ वाजता टाके घातलेला रुग्ण रात्री, नेमका वॉर्ड सामसूम झाल्यावर, दुखण्याने जागा होतो. आवरणांत बारीक नळ्या ठेवून ही मुदत दोन-तीन दिवसांवर नेता येते. सरळ स्नायूमागे अशी नळी खुद्द सर्जनला पोट मिटवताना डोळ्यांदेखत ठेवता येते, आणि जेथे सोनोग्राफीचे यंत्र भूलतज्ज्ञाच्या वाट्याला येत नाही तेथे हा मार्ग विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेत तर छिद्रांभोवती सर्जनने नीट दिलेले बधिरीचे औषध टॅप ब्लॉकच्या जवळपास जाते, असे अनेक अभ्यासांतून निघाले आहे.

भिंतीच्या पलीकडे, आतल्या वाटेपर्यंत पोहोचण्याच्या उमेदीने पुढे आणखी दोन ब्लॉक निघाले. ब्लांकोने २००७ मध्ये पाठीकडील चौकोनी स्नायूच्या आसऱ्याने औषध सोडण्याचे सुचविले, आणि फोरेरोने २०१६ मध्ये कण्याला ताठ ठेवणाऱ्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या हाडावर सुई टेकवून औषध देण्याची रीत वर्णिली. ही दुसरी रीत शिकण्यास सोपी, आणि सुईचे टोक फुप्फुसापासून व मोठ्या रक्तवाहिन्यांपासून दूर राहत असल्याने तुलनेने निर्धोक. म्हणूनच ती झपाट्याने लोकप्रिय झाली. पण औषध मणक्याजवळच्या तंतूंपर्यंत दर वेळी पोहोचतेच असे नाही, आणि दोन रुग्णांत त्याचा पसारा फार वेगवेगळा आढळतो. तेव्हा या ब्लॉकांनी अवयवांची वेदनाही हमखास जाते, असे म्हणण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही.

अवयवांच्या वेदनेवर थेट घाव घालणारी रीत वेगळीच आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पाठीत आरपार जाणारे जे असह्य दुखणे असते, त्यासाठी महारोहिणीच्या पुढ्यातील तंतुजाल बधिर करण्याची युक्ती कापिसने १९१४ मध्ये दाखविली. गाठ काढता येत नाही असे पोट उघडल्यावरच उघड झाले, तर सर्जनने त्याच बैठकीत त्या जाळ्याभोवती अल्कोहोल सोडावे, या पद्धतीचा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे अभ्यास झाला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत अशा रुग्णांचे पुढील महिन्यांतले दुखणे लक्षणीय कमी राहिल्याचे दिसले. ज्याच्या हाती आता थोडेच महिने आहेत, त्याला मॉर्फिनसाठी वारंवार शहर गाठावे लागू नये, या दृष्टीने हे काही मिनिटांचे काम मोलाचे ठरते.

मॉर्फिनचा उल्लेख आला, तेव्हा कायद्याचा विषय टाळता येत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन बाळगण्यासाठी परवान्यांचे असे जाळे विणले, की औषधांच्या दुकानांतून आणि बहुतेक रुग्णालयांतून ते नाहीसेच झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल आदींना अत्यावश्यक औषधे ठरवून, राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या एकाच संस्था-परवान्यावर ती ठेवण्याची मुभा दिली; तरी दप्तर सांभाळण्याचे आणि चौकशीचे भय मनातून गेले नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे ट्रॅमाडॉलवरच निभावण्यात आले. वास्तविक, शस्त्रक्रियेपूर्वी पाठीच्या मणक्यातील पाण्यात सोडलेले अवघे १०० ते ३०० मायक्रोग्रॅम मॉर्फिन, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा ते तिसरा हिस्सा, भिंत आणि अवयव या दोहोंची वेदना सुमारे १८ ते २४ तास मंद ठेवते. १९७९ पासून वापरात आलेली ही रीत स्वस्त आहे, तिला नळी लागत नाही, आणि सुई देण्याचे कौशल्य सिझेरियनच्या निमित्ताने प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या हातात असतेच. तिची अट एकच, पण कडक: पहिले २४ तास श्वासाची गती मोजत राहणे. अंगास खाज येणे व मळमळ हे तिचे नेहमीचे उपद्रव.

सोनोग्राफीचीही अशीच कायदेशीर बाजू आहे. गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. त्यानुसार सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदलेले असावे लागते आणि हातात नेण्याजोगे यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर वापरण्यावर सक्त निर्बंध आहेत. मुलींच्या जीवितासाठी हा बंदोबस्त अत्यंत आवश्यक आहे, त्यात शंका नाही. परंतु वणी, पुसद वा उमरखेडच्या खाजगी रुग्णालयांत बोलावणे येईल तेथे जाणाऱ्या भूलतज्ज्ञाला आपले यंत्र बॅगेत घालून हिंडता येत नाही, हाही त्याचा व्यावहारिक परिणाम होय. ब्लॉक हवा तर यंत्र त्या त्या रुग्णालयाच्या नावे रुजू हवे.

आता औषधाच्या मात्रेविषयी, कारण निष्काळजीपणाला येथे क्षमा नाही. ब्युपिव्हकेन या बधिरीच्या औषधाची सुरक्षित मर्यादा किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम धरली, तर ५० किलो वजनाच्या स्त्रीला १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक देता येत नाही; पाव टक्क्याच्या द्रावणात मिलिलिटरमागे अडीच मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एकूण ४० मिलिलिटर, आणि चार जागी प्रत्येकी १० मिलिलिटर. रोगाने खंगून वजन ४० किलोवर आले असेल तर हाच आकडा ३२ मिलिलिटरवर, प्रत्येक जागी ८ वर उतरतो. भूलतज्ज्ञाने मर्यादेपर्यंत औषध दिले आणि मग सर्जननेही सद्हेतूने जखमेच्या कडांत तेच औषध टोचले, तर बेरीज मर्यादेबाहेर जाते; तेव्हा दोघांचा हिशेब एकाच कागदावर लिहिला जावा. मात्रा अधिक झाल्याची पहिली चिन्हे, म्हणजे ओठांभोवती मुंग्या आणि कानांत घणघण, भुलीखालच्या रुग्णाला सांगता येत नाहीत, आणि मग झटके येऊन हृदयाचा ताल एकाएकी बिघडतो. अशा वेळी २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण शिरेतून देणे हा प्राण वाचविणारा उपाय २००६ पासून माणसांवर सिद्ध झाला आहे. ५० किलोच्या रुग्णास पहिली मात्रा ७५ मिलिलिटरची लागते. ज्या शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात ही बाटली नाही, तेथे ब्लॉक देऊ नये.

एक आशा वारंवार व्यक्त होते, तिचाही निवाडा करावयास हवा. मज्जातंतू बधिर केल्याने मॉर्फिन आणि शरीरावरचा ताण कमी होतो, म्हणून कर्करोग उलटण्याचे प्रमाणही घटेल, असा तर्क बराच काळ मांडला गेला. सेस्लर यांच्या नेतृत्वाखाली २००० हून अधिक स्त्रियांच्या स्तनकर्करोग-शस्त्रक्रियेचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असा लाभ दिसला नाही. छाती-पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ वृद्धांवरील, चीनमधील २०२१ च्या अभ्यासातही एपिड्यूरलने आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. या उलट मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी १५८३ स्त्रियांत स्तनातील गाठीभोवती, ती काढण्याच्या काही मिनिटे आधी, लिग्नोकेन हे बधिरीचे औषध टोचून पाहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे यश मोठे आहे आणि आपल्या राज्यातले आहे. पण तो मज्जातंतूचा ब्लॉक नव्हे आणि ते पोटही नव्हे, म्हणून त्यावरून पोटाच्या ब्लॉकला कर्करोगावरील उपचाराचे श्रेय देणे न्याय्य होणार नाही. वेदना घालविणे हे त्याचे काम, आणि तेवढे कारण त्याला पुरेसे आहे.

सर्व पुरावा एकत्र ठेवला म्हणजे असे दिसते, की पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे घड्याळ लावून नियमित दिली जातात आणि मणक्यात मॉर्फिनही दिलेले असते, तेथे टॅप ब्लॉकने पडणारी भर अल्प असते. पण जेथे यांतले काहीच नेमाने होत नाही, तेथे त्याचा लाभ मोठा दिसतो. अनेक अंगांनी एकाच वेळी वेदनेवर हल्ला करण्याचा जो विचार डेन्मार्कच्या केलेटने १९९० नंतर रूढ केला, त्याचे सार हेच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली कर्करोगाच्या शस्त्रक्रिया येतात, आणि शेतीसंकटग्रस्त म्हणून ठरविलेल्या १४ जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश असल्याने पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा आधार मिळाला. म्हणजे शस्त्रक्रियेची सोय झाली, परंतु तीनंतरच्या रात्रींची सोय रुग्णालयाच्या शिस्तीवरच अवलंबून राहिली.

यास्तव जिल्ह्यापुरता क्रम असा लावावा. आधी वॉर्डातील तक्त्यावर नाडी व तापाच्या रकान्याशेजारी वेदनेचा रकाना असावा, आणि रुग्णाला पडल्यापडल्या नव्हे तर खोकून दाखवायला सांगून तो भरावा, कारण निश्चल पडलेला माणूस ‘बरं आहे’ असेच म्हणतो. मग नियमित साध्या गोळ्या; मूत्रपिंडे धड असतील तरच सूज उतरविणारी वेदनाशामके. त्यांवर, श्वास मोजणारी सिस्टर रात्रभर असेल तेथे मणक्यातील मॉर्फिन, आणि तशी नसेल तेथे भिंतीतील ब्लॉक, शक्य तर नळीसह. एपिड्यूरल अतिदक्षता विभाग आणि अनुभवी हात जेथे आहेत, अशा नागपूर-सेवाग्रामसारख्या ठिकाणी मोठ्या उघड्या शस्त्रक्रियांसाठी राखून ठेवावी. पुस्तकात श्रेष्ठ ठरलेली रीत रात्री दोन वाजता कोणी पाहत नसेल तर धोक्याची ठरते, आणि दुय्यम म्हटलेली रीत नेमाने पाळली तर त्याच रुग्णाला दुसऱ्या सकाळी आपल्या पायांनी चार पावले टाकता येतात. म्हणून ब्लॉकची निवड शस्त्रक्रियागृहात होण्यापूर्वी, त्या रात्री वॉर्डात कोण हजर असणार, ते पाहून व्हावी.